‘माझी’ जन्मठेप आणि इतरांची

मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अंदमान, सेल्युलर जेल, कोलू, दंडाबेडी ही चित्रे त्या दोन शब्दांमागून आपोआप उभी राहतात. ती आपल्या मनावर कोरली गेली, ती बहुतांशी एका ग्रंथामुळे. विनायक दामोदर सावरकर यांचा ‘माझी जन्मठेप’ हा तो ग्रंथ. १९२७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली आणि ती १९४६ साली उठली. मराठीतील तुरुंगवाङ्मयाची चर्चा आजही याच ग्रंथापासून सुरू होते.

या ग्रंथाविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक आरतीचा आणि दुसरा झोडपण्याचा. दोन्ही सूर लेखकाच्या राजकारणाविषयी असतात. पुस्तक उघडून वाचण्याची गरज दोघांनाही फारशी भासत नाही. आमचा हेतू मर्यादित आहे. दर्यावर ज्यांचे पोट आहे अशा वस्तीत, कफ परेडच्या मच्छीमार नगरात, हा ग्रंथ वाचला तर तो कसा दिसतो, त्यातून काय लाभते आणि कोणता प्रश्न मागे उरतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम त्या शब्दांचाच विचार करू. समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत ज्या समाजात होती त्या समाजाने ‘काळे पाणी’ हे नाव दिले. या भीतीचा उपयोग राज्यकर्त्यांनी जाणून घेतला होता. बेड्यांपेक्षाही जहाजाचा धाक अधिक, असे त्यांच्या न्यायखात्याचे गणित होते. परंतु मच्छीमार नगरातील कोळ्याला पाणी काळे वाटत नाही. ते त्याचे शेत आहे. तेथे तो रोज जातो आणि रोज परत येतो. जन्मठेपेच्या शिक्षेतील जी गोष्ट त्याच्या काळजाला चटका लावील, ती म्हणजे परत येणे बंद होणे.

आश्चर्य असे की या बाबतीत ग्रंथकर्ता कोळ्याच्या बाजूचा आहे. सावरकर लंडनला शिकून आलेले. १९१० च्या जुलैत मार्सेयच्या बंदरात बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेऊन किनारा गाठणारे. पुढे हिंदू समाजाच्या ज्या सात बेड्या त्यांनी मोजल्या त्यांत समुद्रबंदी ही एक होती. म्हणून या ग्रंथात पाणी भिववीत नाही, भिंत भिववते. पन्नास वर्षांची शिक्षा, छातीवर सुटकेचे १९६० साल कोरलेला बिल्ला, आणि त्या सालापर्यंत पसरलेली एक अरुंद कोठडी. ग्रंथाची खरी भयाणता या हिशेबात आहे. निकालानंतर डोंगरीच्या तुरुंगात बसलेला सत्तावीस वर्षांचा तरुण आपल्या आयुष्याची बेरीज-वजाबाकी करतो, ती पाने मराठी गद्यातील फार थोड्या पानांच्या पंक्तीला बसतील. डोंगरी म्हणजे दूरचे बेट नव्हे. आपल्याच मुंबईतील ती जागा आहे. काळ्या पाण्याची वाट तेथून सुरू होत होती.

ग्रंथाची बांधणी सरळ आहे. डोंगरी, भायखळा, ठाणे, मद्रासपर्यंतची आगगाडी, ‘महाराजा’ नावाचे जहाज, १९११ च्या जुलैत पोर्ट ब्लेअर, आणि मग दहा वर्षे सेल्युलर जेल. सात लांब इमारती, मधोमध टेहळणीचा मनोरा, सुमारे सातशे कोठड्या. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढावयाचे, हे कोलूचे काम. नारळाची सोडणे कुटून काथ्या काढावयाचा, दोर वळावयाचे. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त यांचे चित्त भ्रमिष्ट झाले. या घटना सावरकर आकांत न करता सांगतात. संवादात ते विशेष खुलतात. तुरुंगाधिकारी बारी याच्याशी झडलेल्या त्यांच्या चकमकी वाचताना तर हसू येते, आणि आपण कोठे हसलो हे ध्यानात येऊन लगेच विरते.

हा बारी आयर्लंडचा होता, आणि येथे कॅथॉलिक वाचकाने थोडे थांबावे. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार माणसे शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडली. त्यांतील सुमारे चाळीस हजार थेट आयर्लंडच्या बंदरांतून गेली. कोणी भाकरी चोरली म्हणून, कोणी बंड केले म्हणून. सिडनीत सरकारच्या परवानगीने पहिली मिस्सा १८०३ साली झाली. ती अर्पण करणारे फादर जेम्स डिक्सन हे स्वतः हद्दपारीचे बंदिवान होते. ज्या राष्ट्राने जहाजाच्या तळघरातील हा अंधार भोगला त्याच राष्ट्राचा एक पुत्र शतकानंतर दुसऱ्या राष्ट्राच्या पुत्रांना कोलूला जुंपतो. दुःख भोगल्याने माणूस आपोआप दयाळू होत नाही, हे सावरकरांनी रंगवलेल्या बारीवरून जितके कळते तितके एखाद्या प्रवचनातून क्वचितच कळेल.

ग्रंथातील आमच्या मते सर्वांत मोठा प्रसंग मात्र बारीचा नाही, कोलूचाही नाही. तो जहाजावरचा आहे. तळघरात पिंजऱ्यासारख्या जागेत बंदिवान कोंबलेले आहेत. सर्वांच्या मलमूत्रासाठी एक पिंप ठेवले आहे, आणि सावरकरांच्या वाट्याला नेमकी त्याच्या शेजारची जागा आली आहे. तेव्हा एक सराईत बंदिवान त्यांना आपली जागा देऊ करतो. आम्हांला या घाणीची सवय आहे, तुम्ही इकडे या, असा त्याचा भाव. सावरकर जागा बदलत नाहीत. त्या दुर्गंधीलाच ते अहंकार जाळण्याची साधना मानतात. हा संयम मोठा आहे. पण आमचे मन त्या दुसऱ्या माणसाजवळ रेंगाळते. त्याने कोणता गुन्हा केला होता? त्याच्या घरी कोण होते? मरणाच्या वाटेवर असताना परक्या माणसाला स्वतःची बरी जागा देण्याचे त्याला कोणी शिकवले? ग्रंथ पुढे जातो आणि तो मागे राहतो.

येथे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय आठवावा. संत पौलाला बंदिवान म्हणून जहाजाने रोमला नेले जाते. लूक आरंभीच सांगतो की पौलाबरोबर आणखी काही बंदिवान होते. त्यांची नावे तो देत नाही, गुन्हे देत नाही. पुढे जहाज फुटते. बंदिवान पोहून पळतील या भीतीने शिपाई त्यांना ठार मारू पाहतात. पण शताधिपतीला पौल वाचवावयाचा असतो, म्हणून तो साऱ्यांनाच वाचू देतो. एका नावाजलेल्या बंदिवानामुळे निनावी बंदिवान किनाऱ्याला लागतात. तुरुंगवाङ्मयाकडून हीच अपेक्षा धरावी असे आम्हांस वाटते. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने आपल्या नावाबरोबर चार निनावी माणसे किनाऱ्याला आणावीत.

या कसोटीवर ‘माझी जन्मठेप’ अर्धा उतरतो. साधे बंदिवान या ग्रंथात जागोजागी आहेत. राजबंद्यांना ‘बॉम्बगोळेवाले’ म्हणून ओळखणारे, चिठ्ठ्या पोहोचवणारे, कागदाअभावी भिंतीवर लिहिलेल्या कविता पाठ करून बाहेर नेणारे. सावरकरांनी त्यांना अक्षरे शिकवली, तुरुंगात ग्रंथसंग्रह उभा केला. हे काम थोर होते आणि ते त्यांनी उत्साहाने सांगितले आहे. परंतु ही माणसे लेखकाच्या कार्याची साधने म्हणून येतात. स्वतःच्या कथेचे धनी म्हणून क्वचितच.

दुसरी उणीव अधिक दुखरी आहे. पठाण व बलुची वॉर्डर आणि त्यांनी केलेली धर्मांतरे यांविषयीची प्रकरणे वाचताना भाषा एकाएकी कठीण होते. जुलूम झाला नाही असे आम्ही म्हणत नाही. अधिकाऱ्यांनी एका जमातीच्या हाती दुसऱ्या जमातीची मान दिली, तर जुलूम होणारच. पण जो लेखक बारीसारख्या जुलमी माणसालाही आवाज, लकबी आणि विनोद देतो, तो या वॉर्डरांना चेहरा देत नाही. या प्रकरणांत माणसे जातात आणि जमाती उरतात. ते पठाणही शिक्षा भोगणारेच होते. त्यांच्याही गावी कोणी वाट पाहत असेल. संख्येने लहान समाजात वाढलेल्या वाचकाला हे अंतर चटकन जाणवते, कारण जमातीच्या नावाने ओळखले जाणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते.

सावरकरांच्या अर्जांचा वाद येथे टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९११ पासून त्यांनी सुटकेसाठी व सवलतींसाठी सरकारकडे अनेक अर्ज केले. त्यांतील १९१३ चा अर्ज विशेष चर्चिला जातो. अर्जातील नम्र भाषा आणि ग्रंथातील ताठ भाषा यांची तुलना करून कोणी लेखकाला खोटे ठरवतात, तर कोणी अर्जाला निव्वळ डावपेच म्हणतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने यापेक्षा सावध असावे. अर्ज आणि आत्मकथन हे दोन वेगळे लेखनप्रकार आहेत. एकाचा वाचक तुरुंगाचा धनी असतो, दुसऱ्याचा वाचक स्वतंत्र समाज. बंदिवानाला अधिकृतपणे मिळणारा कागद बहुधा अर्जाचाच असे. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या हजारो स्त्रीपुरुषांचा आवाज आज इतिहासकारांना अशाच अर्जांतून ऐकू येतो. त्या कागदांत लाचारी असते, हिशेब असतो आणि सत्यही असते. सावरकरांच्या अर्जांतील एक तक्रार तर लक्षात ठेवण्याजोगी आहे: सामान्य बंदिवानाला काही काळाने कोठडीबाहेर वसाहतीत काम मिळते, पुढे तेथे संसारही मांडता येतो, आम्हांस ते मिळत नाही. तक्रार खरी होती. अंदमानात दोन प्रकारचे जीवन होते, आणि आपण मराठी वाचकांनी त्यांपैकी एकच जाणले आहे, हेही त्या तक्रारीतून कळते.

ते दुसरे जीवन किती मोठे होते? १८५८ पासून अंदमानात नेलेल्या बंदिवानांची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास मानली जाते. त्यांत राजबंदी थोडेच. बाकीचे सारे साधे गुन्हेगार, किंवा गुन्हेगार ठरवले गेलेले. त्यांनी जंगले तोडली, रस्ते बांधले, सेल्युलर जेलच्या भिंतीही बांधल्या. १९७९ साली हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला. तेथील शिलापट्टांवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे आहेत आणि ती असावीतच. भिंती बांधणाऱ्यांची नावे नाहीत. अंदमानच्याही आधी, १८१५ नंतरच्या काळात, मुंबई इलाख्यातून बंदिवान मॉरिशसला धाडले जात. १८३६ साली चार्ल्स डार्विन तेथे उतरला तेव्हा रस्त्यांवर खपणारे हे हिंदी बंदिवान त्याने पाहिले. त्यांची संख्या सुमारे आठशे असल्याचे व ते शांत वृत्तीचे असल्याचे त्याने नोंदवले. मराठी मुलखातील किती माणसे त्यांत असतील! त्यांच्याविषयी लिहिले ते परदेशी प्रवाशाने. सावरकरांनी पुढे ‘काळे पाणी’ या कादंबरीत साध्या गुन्हेगारांचे जग हाताळले खरे. पण कादंबरी प्रचाराकडे झुकते आणि पात्रे मतांचे वाहक होतात.

मग राजबंद्याच्या लेखणीला दुसऱ्याचे जीवन पेलवतच नाही काय? तसे नाही. जॉन बॉयल ओरायली याचे उदाहरण कॅथॉलिक वाचकांना जवळचे वाटेल. हा आयरिश तरुण ब्रिटिश घोडदळातील शिपाई. बंडखोर संघटनेत सामील झाल्याबद्दल १८६६ साली त्याला मृत्युदंड झाला व मग तो वीस वर्षांच्या शिक्षेवर आणला गेला. ऑस्ट्रेलियाकडे बंदिवान नेणाऱ्या अखेरच्या जहाजातून तो १८६८ च्या जानेवारीत फ्रीमँटलला पोहोचला. जहाजावर या आयरिश बंदिवानांनी एक हस्तलिखित साप्ताहिक चालवले होते! पुढील वर्षी पॅट्रिक मॅककेब या धर्मगुरूंच्या साहाय्याने तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजातून निसटला, अमेरिकेला गेला आणि बोस्टनच्या ‘द पायलट’ या कॅथॉलिक वृत्तपत्राचा संपादक झाला. १८७९ साली त्याची ‘मूनडाइन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक आयरिश देशभक्त नाही. एक साधा पळालेला बंदिवान पुढे तुरुंगव्यवस्था सुधारण्याचे काम हाती घेतो, अशी ती कथा आहे. कादंबरी म्हणून ती भाबडी आणि योगायोगांनी भरलेली आहे. कलेच्या दृष्टीने ‘माझी जन्मठेप’ तिच्याहून कितीतरी वरचढ. तथापि ओरायलीने आपली कथा बाजूला ठेवून शेजारच्या माणसाची कथा लिहावयास घेतली, हे त्याच्या पदरी बांधलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण बेनेडिक्टाइन धर्मगुरू विल्यम उलथोर्न यांचे. पोरवयात जहाजावर राबलेला हा माणूस. १८३४ साली नॉरफोक बेटावरच्या बंडानंतर, कोण फासावर जाणार आणि कोणाला जीवदान मिळाले, हे बंदिवानांना सांगण्याचे काम त्यांच्यावर आले. ज्यांना जीवदान मिळाले ते रडू लागले. ज्यांना मरण ठरले होते ते गुडघे टेकून देवाचे आभार मानू लागले. हा प्रसंग उलथोर्न यांनी लंडनमधील संसदीय समितीपुढे सांगितला आणि पुस्तिका लिहून सामान्य वाचकांपर्यंत नेला. १८४० साली न्यू साउथ वेल्सला बंदिवान धाडणे थांबले, त्यामागे अशा साक्षींचे बळ होते. स्वतः बंदिवान नसलेल्या माणसाने कान उघडे ठेवले, ऐकलेले विसरला नाही आणि योग्य ठिकाणी बोलला, याचे हे फळ.

हा विचार ग्रंथालयात सोडून येण्यासारखा नाही. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. मासळीच्या मागे बोट सागरी हद्दीपाशी पोहोचते आणि पाकिस्तानी सुरक्षा दल तिला पकडते. मग कराचीचा तुरुंग. शिक्षा काही महिन्यांची, पण ती संपल्यावरही राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीत वर्षे जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै या दिवशी एकमेकांच्या ताब्यातील बंदिवानांच्या याद्या देतात. पाकिस्तानी कोळीही असेच आपल्या तुरुंगांत असतात. यादीत नाव असते, माणूस नसतो. मच्छीमार नगरातील कोणत्याही तांडेलाला या भीतीचा अर्थ विचारावा. पाणी काळे केव्हा होते, हे तो सांगेल.

आपल्या देशातील तुरुंगांचेही तेच. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार दर चार बंदिवानांपैकी तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यांत येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांच्यासारखे एखादे नाव आपल्या कानी पडते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली, आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, कोठडीत असतानाच वांद्र्याच्या रुग्णालयात वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. तळोजा तुरुंगातून त्यांनी धाडलेल्या एका छोट्या पत्राकडे आम्ही वाङ्मयाचा नमुना म्हणून बोट दाखवू इच्छितो. थरथरत्या हातांच्या या वृद्धाने त्या पत्रात आपल्या दुखण्याहून अधिक जागा सोबत्यांना दिली आहे. आपल्याला जेवू कोण घालतो, स्नानाला साहाय्य कोण करतो, गुडघे कोण चोळतो हे त्यांनी सांगितले. कोठडीतील दोन सोबती फार गरीब घरचे आहेत असे कळवून त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली. जहाजावर आपली जागा देऊ करणारा तो निनावी बंदिवान येथे पुन्हा भेटतो, आणि या वेळी लेखणी त्याच्यापाशी थांबते.

‘माझी जन्मठेप’ आमच्या कुटुंबांनी जरूर वाचावा. सावरकरांच्या मतांशी मतभेद असणाऱ्यांनी तर अवश्य वाचावा. यातनेतून घडलेले इतके समर्थ मराठी गद्य टाळणे हे वाचकाचेच नुकसान. मात्र वाचताना बोट ‘माझी’ या शब्दावर ठेवावे आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी विचारावे, आणखी कोण होते? आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत की ज्यांचा मुलगा वा पती तुरुंगात आहे. शेजारी त्याविषयी कुजबुजतात आणि घरातील माणसे मिस्सेला मागच्या बाकावर बसून लवकर निघून जातात. त्यांच्याविषयी कोणी ग्रंथ लिहिणार नाही. त्यांच्या दारी जाऊन बसणे, आणि तुरुंगातल्या त्यांच्या माणसाला एक पोस्टकार्ड लिहिणे, एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.